मेटॅलिका, म्युनिक: दोन्ही रात्री जावं की एकच?

तळमजला, ९ मार्च २०२४

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून तीन आठवडे काथ्याकूट चाललाय. शेवटी म्हटलं इथे विचारावं.

मेटॅलिका (अमेरिकन हेवी मेटल बँड) २४ आणि २६ मे ला म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये आहेत. आम्ही आउग्सबुर्गला राहतो, म्हणजे रेल्वेने पाऊण तास. हॉटेलचा खर्च नाही. शाळेचाही प्रश्न नाही, मुलीला तेव्हा सुट्टी आहे. प्रश्न तिकिटाचा. 'सेव्हंटी टू सीझन्स' अल्बमच्या या दौऱ्यात ते बहुतेक गावांत दोन रात्री वाजवतात आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री घेत नाहीत. एका रात्रीचं तिकीट काढलं तर अर्धी पंगत वाढलेली असताना उठून आल्यासारखं होणार. दोन रात्रींची काढली, तीही दोघांची, तर जूनमधलं कळव्याला जाणं दिवाळीवर ढकलावं लागेल.

आता माझी बाजू. मी कळव्याच्या चाळीत वाढलो, तळमजल्यावर. १९९३-९४ च्या सुमाराला ठाणे स्टेशनजवळ एक दुकान होतं, तिथे कॅसेट भरून मिळायची. आपण कोरी कॅसेट द्यायची, यादी द्यायची, दोन दिवसांनी आणायला जायचं. मी मेटॅलिकाचा काळा अल्बम (मुखपृष्ठ काळं म्हणून हे नाव) भरून आणला. दुकानदाराने वर बॉलपेनने लिहिलं होतं, 'मेटालीका काळी'. अल्बम बासष्ट मिनिटांचा आणि कॅसेट साठची, त्यामुळे ए बाजूचं शेवटचं गाणं, 'डोन्ट ट्रेड ऑन मी', दोनेक मिनिटांत खाटकन तुटायचं. ते गाणं तसंच आहे असं मी कॉलेज संपेपर्यंत समजत होतो. किती धाडसी शेवट केलाय म्हणून मित्रांना कौतुकाने ऐकवायचो.

मुलगी चौदाची. तिला काळ्या अल्बमचं काही नाही. तिला नवा अल्बम पाठ आहे, पिवळ्या मुखपृष्ठावर जळकं पाळणाघर... नाही, पाळणा आहे तो. ती विचारते, "बाबा, एक दिवस तुझी गाणी आणि एक दिवस माझी, असं असतं का?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

तर अनुभवी लोकांनी सांगावं: (१) दोन रात्री खरंच वेगळ्या असतात की नुसतं तिकीट खपवायचं निमित्त? (२) स्टेज गोल आहे म्हणे. मग उभं राहावं की बसावं? (३) चौदा वर्षांच्या पोरीचे कान.

चहात पाणी, ९ मार्च

बँडमधले सगळे साठीच्या आसपास. आपल्याकडे या वयात साठीशांत करून माणूस पेन्शनच्या रांगेत उभा राहतो. यांची साठीशांत बघायला तुम्ही पैसे भरणार आणि तीही दोन दिवसांची. घरी मोठ्या आवाजात लावा, शेजारच्या जर्मन आजी तक्रार करतील, तेवढंच थेट कार्यक्रमाचं वातावरण.

उंबरठा, १० मार्च

मी उट्रेख्टहून लिहितेय. गेल्या वर्षी दौऱ्याची सुरुवातच ॲमस्टरडॅमला झाली, २७ आणि २९ एप्रिल २०२३, योहान क्रायफ अरेनामध्ये. अल्बम १४ एप्रिलला आला होता, म्हणजे गाणी धड अंगवळणीही पडली नव्हती. मी दोन्ही रात्री होते. नवरा एकच रात्र आला. सविस्तर लिहिते, कारण तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं.

आधी तो दिवस. २७ एप्रिल हा इथला राजाचा वाढदिवस. अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर असतो, लोक घरातल्या जुन्या वस्तू फुटपाथवर मांडून विकतात, पोरं बासरी वाजवून चिल्लर गोळा करतात. पहिल्या वर्षी मी बघितलं तेव्हा साताऱ्याच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आल्यासारखंच वाटलं होतं. तर त्या नारिंगी समुद्रातून काळे टी-शर्ट घातलेली माणसं मेट्रोने बाइलमेरकडे, म्हणजे अरेनाच्या भागाकडे, चाललेली. माझ्या समोर एक आजोबा बसले होते, डोक्यावर फुगवायचा नारिंगी मुकुट आणि अंगात 'मास्टर ऑफ पपेट्स' या त्यांच्या जुन्या अल्बमचा टी-शर्ट, इतका धुतलेला की त्यावरचे क्रूस फक्त माहीत असलेल्यालाच दिसावेत.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, खरंच वेगळ्या असतात. मी दोन्ही दिवस तिकिटाच्या पाठीमागे पेनाने टिपत होते (सवय आहे, सांगते पुढे). सोळा आणि सोळा, बत्तीस गाणी, एकही परत नाही. पहिल्या रात्री सुरुवात 'ओरायन'ने, म्हणजे शब्दच नाहीत. शेवट 'मास्टर ऑफ पपेट्स'. दुसऱ्या रात्री 'द कॉल ऑफ क्टुलू'ने सुरुवात, तेही नुसतं वादन, आणि शेवटी 'वन' आणि 'एंटर सँडमन'. नव्या अल्बमची प्रत्येक रात्री तीन: पहिल्या दिवशी 'लक्स इटर्ना', 'स्क्रीमिंग सुइसाइड' आणि 'स्लीपवॉक माय लाइफ अवे', दुसऱ्या दिवशी अल्बमच्या नावाचं गाणं, 'इफ डार्कनेस हॅड अ सन' आणि 'यू मस्ट बर्न'. म्हणजे तुमच्या लेकीचं उत्तर असं: एक दिवस तुझा, एक दिवस माझा असं नाही, दोन्ही दिवस मिसळीसारखे आहेत. पण तिच्या बारा गाण्यांतली सहाच मिळतील, तीही दोन्ही रात्री गेलात तर. म्युनिकला यादी वेगळी असेल, दौऱ्यात ते फिरवत असतात. वाटणी मात्र अशीच असते.

आमच्या घरी काय झालं? नवऱ्याला फक्त 'नथिंग एल्स मॅटर्स' माहीत. ते पहिल्याच रात्री झालं. तो म्हणाला, "माझं झालं, आता तू जा." दुसऱ्या रात्री मी एकटी गेले आणि खरं सांगायचं तर तीच माझी रात्र. पहिल्या दिवशी मी 'आता पुढचं कुठलं' याच विचारात अर्धी हरवले होते. दुसऱ्या दिवशी कळून चुकलं होतं की ओळखीचं अर्धं सामान कालच संपलंय, आता जे येईल ते येईल. मग माणूस नीट ऐकतो.

आता स्टेज. लग्नाआधी मी सांगलीत राज्य नाट्यस्पर्धेच्या नाटकांना प्रकाशयोजना केली आहे, चार-पाच वर्षं. (टिपून ठेवायची सवय तिथली, क्यू शीटची, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला दिवा त्या यादीची.) त्यामुळे मी कुठलंही स्टेज बघताना आधी लपायची जागा शोधते. इथे ती नाहीच. विंग नाही, मागचा पडदा नाही. मैदानाच्या मधोमध एक मोठं कडं टाकल्यासारखा रस्ता आहे, बँड त्या कड्यावरून फिरतो आणि कड्याच्या आतही माणसं उभी असतात. त्या आतल्या जागेला ते स्नेक पिट म्हणतात. साध्या उभ्या तिकिटावर तिथे जाता येत नाही, तेव्हा फसू नका. गायचे माइक गोलभर लावलेले. वारीतलं रिंगण बघितलं असेल तर अंदाज येईल, फक्त इथे पळणारा घोडा म्हणजे साठ वर्षांचा गायक हेटफील्ड.

सगळ्यात मजा ड्रमची. गिटारवाला चालत जाईल, पण ड्रम कसे फिरणार? यांनी चार दिशांना चार ड्रमसेट ठेवलेत. दोन-तीन गाणी झाली की एक सेट खाली जातो, दुसरीकडे दुसरा वर येतो आणि लार्स उलरिख टॉवेलने तोंड पुसत, चक्क चालत तिकडे जाऊन बसतो. एवढ्या हजारो लोकांसमोर माणूस एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीकडे चाललाय, बास. मला नाटकातला तो अंधार आठवला, ज्यात आम्ही पाय न वाजवता टेबल हलवायचो. इथे टेबल हलवणं हाच प्रवेश.

याचा अर्थ असा की कुठेही उभं राहिलात तरी पाऊण वेळ बँडची पाठ किंवा कूस दिसणार आणि पाव वेळ ते अगदी पुढ्यात येणार. भोवती आठ उंच खांब आहेत, त्यांवर गोल पडदे आणि स्पीकर, पाठ फिरवली की तिथे बघायचं. उभं राहण्याच्या जागी खांब आडवा येऊ शकतो, तेव्हा लवकर जाऊन जागा धरा. मुलीची उंची बेताची असेल तर सरळ बसायची तिकिटं काढा. वरून ते कडं पूर्ण दिसतं आणि हा कार्यक्रम वरून बघण्यासारखा आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी खाली होते आणि एका फ्रिजएवढ्या डच माणसाच्या मानेचा अभ्यास केला.

आवाजाबद्दल. अरेनाला छप्पर आहे आणि ते बंद असलं की आवाज घुमतो. वरच्या बाजूला बसल्यावर पडद्यावर काठी पडलेली दिसते आणि ठोका अंमळ मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, शंभर मीटरवर बसलात तर जवळजवळ एक तृतीयांश सेकंद गेला. दोन गाण्यांनंतर डोकं जुळवून घेतं. म्युनिकला मैदान वरून उघडं आहे, घुमणार नाही.

कान: फोमचे बोळे नकोत, त्यांनी नुसता बदबद आवाज येतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्या, औषधाच्या दुकानातही मिळतात. घरी एकदा घालून सवय करा. माझ्या शेजारच्या पोराने तिथे पहिल्यांदा घातले आणि तिसऱ्या गाण्याला काढून खिशात टाकले.

रंगभवनची पायरी, १० मार्च

उंबरठाबाईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त म्हातारपणाचा फायदा घेतो.

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८० मध्ये द पोलीस हा इंग्लिश रॉक बँड वाजवून गेला, तेव्हा मी शाळेत होतो, आत जायचं नशीब नव्हतं. नंतर त्याच पायऱ्यांवर आय-रॉक या रॉक महोत्सवाची कितीतरी वर्षं काढली. पुढे शांतता क्षेत्रामुळे तेही गेलं. २००८ च्या १ फेब्रुवारीला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडने अख्ख्या जगाचा दौरा मुंबईतून, बांद्रा-कुर्ला संकुलातून सुरू केला. गायकच विमान चालवत आला होता. आणि २०११ ला मेटॅलिका. २८ ऑक्टोबरचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, लोकांनी स्टेज मोडलं, आणि आम्ही त्याच रात्री दादरला उद्यान एक्स्प्रेसची तिकिटं हातात धरून विचार करत होतो की बंगळूरला तरी होणार का. ३० तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर झाला. माझा मित्र पहिल्या गाण्याला रडला आणि आजतागायत म्हणतो की घाम होता.

सांगायचं हे की आपल्या पिढीला एक रात्र मिळायचीच मुश्कील, म्हणून त्या एका रात्रीत सगळं हवं असायचं. त्यामुळे बँड नवीन गाणं वाजवायला लागला की आम्ही वडापाव आणायला जायचो. खोटं कशाला बोलू? पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढत, आता दौरा काढता यावा म्हणून अल्बम. तरी काही जणांची छाती असते. मेडनने २००६ मध्ये त्या वर्षीचा नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर वाजवला होता. लोकांनी शिव्या घातल्या. मला आवडलं असतं. (वडापाव आणायला वेळच मिळाला नसता.)

दोन रात्रींची युक्ती मला म्हणूनच पटते. दुसऱ्या रात्रीचं आश्वासन असलं की पहिल्या रात्री नवीन गाण्याला कोणी उठत नाही. तुम्ही दोन्ही रात्री जा. कळवा कुठे पळून जात नाही.

तळमजला, ११ मार्च

उंबरठाताई, एवढं कोणी मला म्युनिकच्या वकिलातीतही समजावून सांगितलं नसतं. वर बसायचं नक्की.

एक गंमत. काल व्हिडिओ कॉलवर आप्पांना (माझे वडील, ७६, अजून कळव्यालाच, आता तिसऱ्या मजल्यावर) अल्बमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बहात्तर? दुष्काळावर आहे का?" ते तेव्हा जामखेडकडे रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. त्यांना ७२ म्हटलं की सुकडी आणि खडी, बाकी काही नाही. मी म्हटलं, नाही, माणसाची पहिली अठरा वर्षं, वर्षाचे चार ऋतू, म्हणून बहात्तर ऋतू. त्या वयात आपल्यावर जे लादलं जातं त्याबद्दल आहे. आप्पा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "चार कसे? ऋतू सहा. बहात्तर भागिले सहा, बारा. एक तप झालं ते."

मुलीला हे सांगितलं. ती आता शाळेच्या वहीवर पिवळ्या पेनाने 'एक तप' लिहून फिरतेय.

उंबरठा, ११ मार्च

आप्पांना साष्टांग नमस्कार.

आणि एक चौकशी. 'डोन्ट ट्रेड ऑन मी' पुढे कधी पूर्ण ऐकलंत की नाही?

तळमजला, ११ मार्च

ऐकलं ना, २००१ मध्ये, पवईत मित्राच्या खोलीवर सीडीवर. चार मिनिटांचं आहे. खरं सांगू? उरलेली दोन मिनिटं उगाच आहेत.

इसारकाठ, १३ मार्च

मी म्युनिकचाच, जरा स्थानिक माहिती.

यू-थ्री मेट्रोने ऑलिंपियात्सेंट्रुमला उतरायचं. संपल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नका, सगळे तेच करतात. उद्यानात अर्धा तास बसा, तळं आहे, मग आरामात निघा. पण आउग्सबुर्गची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा, रविवारी रात्रीची विशेषतः. स्टेडियम १९७२ च्या ऑलिंपिकचं (घ्या, आणखी एक बहात्तर). तो प्रसिद्ध काचेसारखा तंबू फक्त एका बाजूच्या खुर्च्यांवर आहे. बाकी सगळं आकाशाखाली. मे महिन्यात इथे एका संध्याकाळी ऊन, गार आणि पाऊस तिन्ही होतं. छत्री आत नेऊ देत नाहीत, प्लॅस्टिकचे रेनकोट न्या.

आणि कमी पैशातला पर्याय कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. स्टेडियमला लागून ऑलिंपियाबेर्ग टेकडी आहे. युद्धात पडलेल्या घरांचा ढिगारा आणून रचली आणि वर गवत लावलं. मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी लोक तिथे चादरी टाकून, डबे घेऊन बसतात. दिसतं थोडं, ऐकू मात्र येतं. तेव्हा एक रात्र तिकीट, एक रात्र टेकडी, असाही मध्यम मार्ग आहे.

चहात पाणी, १३ मार्च

हे आवडलं. पर्वती असती तर भेळवाला पण आला असता.

तळमजला, १७ मार्च

निकाल लागला. दोन्ही रात्रींची दोन तिकिटं काढली, वरच्या बाजूची. कळवा दिवाळीवर. बायकोने एकच अट घातली: परत आल्यावर आठवडाभर घरात हा विषय नको.

पण त्यामुळे उलटच झालं. आम्ही जूनमध्ये येत नाही म्हटल्यावर आप्पा म्हणाले, मग मीच येतो. व्हिसाची कागदपत्रं काल दिली. वेळेत मिळाला तर २० मे च्या सुमाराला इथे असतील. कपाटात ती कॅसेट सापडली म्हणे, 'मेटालीका काळी', नातीला आणतोय म्हणाले. वाजवायला यंत्र कुठून आणू ते आता मी बघतो.

त्यांच्यासाठी तिसरं तिकीट बघू लागलो तर म्हणाले, "कशाला? टेकडीवर फुकट ऐकू येतं म्हणतोस ना? मला एक सतरंजी आणि थर्मास दे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "पायऱ्या किती आहेत रे तिथे?"

इसारकाठ, किती आहेत?

इसारकाठ, १७ मार्च

पायऱ्यांची वाट टाळता येते, वळणावळणाची डांबरी वाट आहे. थर्मास मी आणतो.